लाइनीतली हवा

गुरुवारी पाणी बंद,
म्हणून गुरुवारच धरला.
धुणं नाही, भांडी नाही,
डायनिंग टेबल दिवसभर माझं.

नवी केस पांढरी, दोन बाजूंनी काच.
जुनीतून एकेक वस्तू बाहेर काढली.
धूळ, धुळीखाली आणखी धूळ,
कधीतरी हरवलेला एक स्क्रू,
आणि ते ग्राफिक्स कार्ड, ज्याचे पंखे
कात्रज घाटात दुसऱ्या गिअरवर अडकलेल्या टेम्पोसारखे
रात्र रात्र ओरडायचे.
कार्ड उघडताना वॉरंटीचा स्टिकर फाटला.
बापूंनी विचारलं, काय फाटलं?
म्हटलं, सील.

मी न बांधलेल्या इमारतींची चित्रं करते.
बिल्डरला तरणतलाव निळाच लागतो,
पाण्यावर सकाळचं ऊन, काठावर एक गोरं मूल.
त्या पाण्याची एक फ्रेम काढायला चाळीस मिनिटं,
तोवर कार्ड तापून लाल.
उंड्रीत, वाघोलीत, जिथं त्या इमारती उभ्या राहतात
तिथं टँकर येतो.
टँकरचं मॉडेलही आहे माझ्याकडं,
ट्रकच्या फोल्डरमध्ये.
अजून कुणी मागितलेलं नाही.

बापू कॉर्पोरेशनात तीस वर्षं वॉलमन.
पहाटे चारला सायकलच्या दांडीला लोखंडी चावी बांधून निघायचे.
वरच्या गल्लीला अकरा फेरे, खालच्या गल्लीला सात.
आठवा दिला की वरच्या बायका
रिकामे हंडे घेऊन खाली भांडायला.

नळ्या हीटगनवर वाकवल्या.
पहिली करपली. दुसरी चपटली.
तिसरीचा कोपरा नव्वदऐवजी ऐंशीचा झाला.
चालेल, मी म्हटलं.
बापू काही बोलले नाहीत.
खिशातून टेफ्लॉनची टेप काढली त्यांनी.
नको बापू, आत रबरी रिंग असते.
टेप परत खिशात गेली नाही,
टेबलावर राहिली. हाताशी.

सिंहगड रोडच्या बॅटरीवाल्याकडून
डिस्टिल्ड पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणला होता.
इन्व्हर्टर कुठला, मॅडम? त्यानं विचारलं होतं.
प्रत्येक जोडाखाली टिश्यूची घडी ठेवली,
बाकी सगळ्याची वीज काढून
फक्त पंप चालू केला.

पंप घुरघुरला.
पाणी टाकीतल्या टाकीत गोल फिरलं,
पुढं सरकेना.
मी वायर तपासली, मॅन्युअल चाळलं,
पंप बंद केला, पुन्हा लावला,
दुकानदाराला मनात एक शिवी दिली.

हवा धरलीये, बापू खुर्चीतून म्हणाले.
शुक्रवारी सकाळी नळ खोकतो ना, ती.
उठले. केसला दोन्ही हात घातले
आणि झोपलेल्या पोराची कूस बदलावी
तशी ती डावीकडं कलती केली.
एक बुडबुडा.
मग पाचसहा, घाईत.
मग रेडिएटरमधून, ऐंशीच्या कोपऱ्यातून,
कार्डाच्या पाठीवरून
पाणी.

बापूंनी स्टूल ओढलं, काचेला नाक लावून बसले.
तीस वर्षं त्यांनी पाणी सोडलं ते डांबराखालून.
पोचलं की नाही ते हंड्यांच्या आवाजावरून कळायचं.
जाताना कधी दिसलं नव्हतं.

किती बसतं यात?
लिटरभर.
आणि रोज भरायचं?
नाही, तेच फिरत राहतं.
बराच वेळ गेला.
मग वॉलमन लागतच नाही, म्हणाले,
आणि चहा टाकायला उठले,
पिंपातल्या पाण्याचा.

गळती बघायला चोवीस तास द्यायचे असतात.
पहाटे चारला हॉलमध्ये टॉर्चचा उजेड.
बापू एकेक टिश्यू बोटानं दाबत होते.
कोरडा. कोरडा. हाही कोरडा.
ऐंशीच्या कोपऱ्याशी थांबले.
हा दमट वाटतो का गं?
मी हात लावला.
तुमच्या बोटाचा घाम असेल, बापू.
असेल, म्हणाले,
आणि टॉर्च तिथंच धरून उभे राहिले.

स्वयंपाकघरात मी उघडा विसरलेला नळ
खोकला.