आर्बी

रेवणनं राजस्थानातून ट्रकच्या केबिनमधून आणली,
डिझेलच्या डब्याला टेकवून.
तीन दिवस तिनं गिअरचे धक्के खाल्ले.
बुंध्याला पत्र्याचा बिल्ला: आर्बेकिना, ऑलिव्ह.
खाली बारीक अक्षरात: तेलासाठी.

तेवढं वाचून आप्पा थांबले.
तेलासाठी म्हटलं की आमच्याकडं
पाहुण्याला बसायला पाट मिळतो.

घाण्याच्या मागं, पेंडीची पोती रचतो तिथं
खड्डा घेतला. मुरूम निघाला. मग आणखी मुरूम.
आप्पांच्या तोंडात तिचं नाव मावेना,
ती आर्बी झाली.

सात वर्षं.
पान वरून हिरवं, खालून राखी.
होटगी रोडकडून वारा सुटला
की अख्खं झाड पालथं व्हायचं,
नुकत्या कल्हई केलेल्या पातेल्यासारखं.
फूल नाही.

कृषी केंद्रातला पोरगा म्हणाला,
हिला थंडी लागते काका, दोन-अडीच महिने, सलग.
आता सोलापुरात थंडी गड्ड्याला येते,
पाळण्यात एक चक्कर मारते, भजी खाते
आणि शेवटच्या गाडीनं परत जाते.

आप्पांनी ऐकून घेतलं.
डिसेंबर लागला तसा
मौला शेखची हातगाडी दारात:
रोज सांजेला बर्फाची एक लादी,
वर ओलं पोतं, कडेला लाकडाचा भुसा.
फोडून आळ्यात रचायची. सकाळी चिखल.

रेवण हसला, तिला सर्दी होईल बे, शेक द्या.
आप्पा म्हणाले, करडईला काटे असतात
म्हणून आपण हातापायाला चिंध्या बांधतोच की.
ज्याचं जे असतं ते असतं.

बर्फानं झालं
की त्या साली गारठाच खरा मुक्कामाला राहिला,
कुणाला विचारायचं?
उन्हाळ्याच्या तोंडावर फांद्यांना
कण्यांसारखी पांढरी चुरी आली.
श्रावणात फळं.
अकरा.
मी मोजली, आईनं मोजली,
आप्पांनी पाठ फिरवून पुन्हा मोजली.

एका घाणीला बारा किलो लागतं.

आप्पांनी आधी हात धुतले. साबणानं, मग राखेनं,
मग कढत पाण्यानं,
पन्नास वर्षांची करडई नखांतून काढायला.
ती निघाली नाही, पण धुतले.
एक फळ तळव्यावर चिरडलं.
जांभळट पाणी आलं, आणि पाण्यावर
मुंगीच्या डोळ्याएवढा
एक थेंब तरंगला.

नुसत्या वासावर सांगणारा माणूस,
ही मंगळवेढ्याची, ही बार्शीकडची,
ह्या पोत्याला पाणी लागलंय.
बोट नाकाशी धरून उभा राहिला.
वहीतलं सगळं शिकलेलं पोर
फळ्यासमोर उभं राहतं, तसा.
'नाही ओळखत,' म्हणाले.
आणि काय सांगू, इतके खूश
मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग जिभेला लावलं. ठसका लागला.
'कडू हाय. घशात भांडतंय.
आपली करडई कशी गप खाली उतरते.'

रात्री आवकवही उघडी दिसली.
आर्बी. नग अकरा. वजन एकोणीस ग्रॅम.
उतारा: एक बोट.
खाली, त्याच शाईनं,
मौला शेख, बर्फ, लाद्या बहात्तर,
बाकी देणे.