डाळिंबी

बॅग आली गुरुवारी, दुपारी तीनला.
आम्ही परतून अकरा दिवस झाले होते.
कुरिअरचा पोरगा अशोक चौकातून तीनदा फोन करत
विडी घरकुलात पोचला,
वंगारी तुम्हीच का, म्हणाला,
तांब्याभर पाणी प्यायला,
आणि मग: मावशी, केवढी फिरलीय ही!

खरंच. मुठीला पाच पट्ट्या चिकटलेल्या.
आम्ही तीन शहरं पाहिली, तिनं पाच.
त्यातल्या एकाचं नाव श्रीलतालाही वाचता येईना,
आणि ती तर पुण्यात कंपनीत आहे.

प्रागला तो फिरता पट्टा रिकामा झाला
तरी हे उभेच,
मुक्कामाची एस.टी. चुकल्यासारखे.
खिडकीतल्या बाईनं एक तक्ता पुढं सरकवला,
बॅगांची चित्रं, खाली दहा रंग.
ह्यांची चौतीस वर्षं रंगाच्या टाकीवर गेलेली.
सूत जरा गडद निघालं
तर वासावरून सांगणारा माणूस.
बोट काही टेकवेनात.
ह्यात आमचा रंग नाही, म्हणाले.
टूरचा पोरगा म्हणाला, काका, लाल लिहू या.
लाल नाही. डाळिंबी.
मागं रांग वाढली. बाईनं लाल लिहिलं.
हे तेलुगूत काहीतरी पुटपुटले,
ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यामुळं नऊ दिवस मी अंगावरच्या एका साडीत.
पुलावर मोरपंखी, घड्याळाखाली मोरपंखी,
बोटीत मोरपंखी, वरून ह्यांचं जर्किन.
सगळे फोटो एकाच दिवशी काढल्यासारखे.
रात्री धुवायची, हीटरवर पसरायची,
सकाळी दमट नेसायची.
वाळेपर्यंत मी हॉटेलच्या दोन टॉवेलांत
पलंगाच्या कडेला.

एका रात्री ह्यांनी टॉवेलची किनार
हळूच बोटांत धरली.
मी लाजले, खोटं कशाला सांगू,
एकोणसाठाव्या वर्षी.
हे किनार उलटून वीण बघत होते.
आपला? मी विचारलं.
नाही, म्हणाले,
आणि बराच वेळ ती सोडली नाही.

गुरुवारी बॅग उघडली तर घरभर शेंगाचटणी.
पुडा फुटून तेल दोन साड्यांत उतरलेलं,
कडक भाकऱ्या मात्र शाबूत.
आणि प्रत्येक घडीत श्रीलतानं खोचलेली चिठ्ठी:
दिवस पहिला, किल्ला, ही नेस.
दिवस दुसरा, नदी, ही.
दिवस तिसरा, राजवाडा, जरीची.

मी चिठ्ठ्या वाचत होते, हे ऐकत होते.
मग म्हणाले, किल्ला आपल्याकडंही आहे की.

लग्न होऊन आले त्या वर्षी पाहिलेला, बाहेरून, रिक्षातून.
तिकिटाच्या खिडकीशी ह्यांनी सवयीनं
पासपोर्टचा खिसा चाचपला.
बुरुजावर माझा फोटो काढला, लिंबू रंगात.
नदी कुठून आणायची? तळ्यावर भागवलं,
सिद्धेश्वराच्या पायरीवर, निळी.
राजवाडा म्हणून इंद्रभुवन.
जरीची साडी बघून वॉचमन म्हणाला,
टॅक्सची खिडकी बंद झाली, उद्या या.
आम्ही नुसतंच बघतोय, हे म्हणाले.
तोही मान वर करून बघायला लागला.

चौथ्या चिठ्ठीवर चटणीचं तेल सांडलेलं,
नुसता 'दिवस' तेवढा वाचता येत होता.
त्या दिवशी घरीच भाकरी चुरून खाल्ली, दह्यात.

पाचव्या पहाटे नळाला पाणी आलं.
ट्रिप संपली.
पिंप, हंडे, बादल्या, कुकर, जे सापडेल ते भरलं,
उरलेल्या पाण्यात ह्यांनी बॅग घासली
आणि गच्चीवर उलटी टाकली.

संध्याकाळी घेऊन आले ते गप्प.
उन्हात धरली, सावलीत धरली.
एक छटा उतरलीय, म्हणतात.
पाचातल्या कुठल्या गावात,
ते काही सांगता येत नाही.