नव्या बाईंना सिम विकताना

बसा, लिम्फोबाई. त्या खोक्यावर नको, अंडी आहेत.
इथं बसा, रॉकेलच्या डब्यावर.
कुठलं घेऊ म्हणताय.
खाली मासेरूत सोपं असेल,
तिथं म्हणे जाहिरातीतल्या माणसाचे दात बघून ठरवतात.
इथं वर, मोखोत्लोंगच्या या टोकाला,
एक कंपनी दगड आहे, एक वीट.
आता दगडापेक्षा वीट मऊ,
पण डोक्यात दोन्ही लागतात.

लाल कंपनीचा टॉवर तो समोर,
गाढव उभं आहे ना, त्याच्या जरा वर.
दुकानात दोन काड्या, दाराबाहेर तीन,
शाळेमागच्या संडासापाशी चार.
तुमच्या आधीचे मास्तर तासन्‌तास तिथंच असायचे,
आम्ही त्यांना पोटासाठी पाला उकळून द्यायचो.
बर्फ पडलं की टॉवरच्या सौर पट्ट्या झाकतात
आणि लाल कंपनी तीन दिवस झोपते.
तक्रार करायची तर एक दाबा, मग चार दाबा,
मग बासरी.
बासरी ऐकता ऐकता बॅटरी संपते,
आणि बॅटरी भरायचे मी पाच मालोटी घेते,
म्हणून माझी स्वतःची काही तक्रार नाही.

निळीचा टॉवर इकडे नाहीच.
मेंढवाड्याच्या वर, तिसऱ्या खडकावर चढायचं,
तोंड पश्चिमेला, ब्लँकेट डोक्यावरून,
नाहीतर तुमच्याआधी वाराच बोलतो.
पण तिथून मदतीचा नंबर लावलात
तर माणूस उचलतं.
रेथाबिले नाव तिचं. आपल्या भाषेत बोलते,
आधी विचारते, वर थंडी किती, मग नंबर विचारते.

न्ताते सेखोआनेंच्या मुलानं खाणीतून पैसे पाठवले,
सातशे मालोटी, निळीवरून,
आणि शेवटचा आकडा चुकला. साताच्या जागी एक.
म्हातारा गुडघे धरत खडकावर गेला.
ती म्हणाली, न्ताते, पैसे उलटे फिरवायचा नियम नाही,
पण त्या माणसाला मी फोन करून बघते.
केला तिनं. तो निघाला क्वुथिंगचा.
चारशे त्यानं परत धाडले,
तीनशेचं डुक्कर घेतलं होतं म्हणाला,
विकलं की देतो.
दोन हिवाळे झाले, डुक्कर काही विकत नाही.
पण रेथाबिले दर महिन्याला त्याची चौकशी करते,
डुक्कर आता दारात मावत नाही, इथवर आम्हाला ठाऊक आहे.
माझ्या भाच्याचे लालवरून असेच गेले.
तिथं बासरी अजून चालू आहे.

आणि हो, एक तिसरी आहे, ती न घेता येते.
रात्री फोन थरथरतो,
दक्षिण आफ्रिकेत आपलं स्वागत असो!
आपण असतो चुलीपाशी, हातात भाकरीचं पीठ,
आणि न केलेल्या प्रवासाचं भाडं कापलं जातं.
ते आधी बंद करा. द्या इकडे, मी करते.

मी कुठलं वापरते?
धंद्याला लाल. मुलगी, जावई, पिठाची गाडी, सगळं लाल.
रविवारी प्रार्थनेनंतर निळं घालते
आणि खडकावर जाते शिल्लक विचारायला.
शिल्लक मला पाठ आहे, अकरा मालोटी,
मार्चपासून अकराच.
नंबर फुकट आहे म्हणून विचारते.
ती आकडा सांगते, मग म्हणते,
मे मालिनेओ, आणखी काही मदत करू का?
मी म्हणते, थांब, आठवून सांगते.
आणि ती थांबते.
खाली मेंढ्या खडे तुडवत जातात,
तिच्याकडे कुणाचा तरी दुसरा फोन वाजत असतो.

तर बाई, दोन्ही घ्या, फोनला दोन घरं आहेत.
ओळखपत्र आणलंय?
ब्लँकेटची पिन नको, जाड होते, मागे एकाचा फोन फोडला मी.
थांबा, कानातली तार काढते.