चार बोटं

चाक चार बोटं फिरतं
तोवर पुढची चाकं ढिम्म.
मी खडूनं रिमवर दोन रेघा मारून दाखवल्या.
सुलेमान सारंग म्हणाला,
"मग? वळतात ना नंतर?"

एकोणतीस वर्षं त्यानं दाभोळच्या खाडीत लाँच चालवली.
लाँच आधी ऐकते, मग विचार करते, मग वळते.
भरतीला लवकर, ओहोटीला तिची मर्जी.
रिटायर झाल्यावर घेतलेली ही चौसष्टची फियाट
त्याला पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली
ती याच खोटीमुळे.

त्याला आत बसवलं. म्हटलं, हलवत राहा,
थोडं डावं, थोडं उजवं.
मी खाली, पोत्यावर उताणा.
असला बिघाड दिसत नाही,
एकेका सांध्यावर तळवा ठेवावा लागतो,
पोराचा ताप बघावा तसा.
उजवा टाय रॉड एंड टकटकला.
आयडलरचा बुश नावालाच उरलेला:
शेजारच्या सीटवरल्या बांगड्याच्या टोपलीचं पाणी
इतकी वर्षं नेमकं तिथं ठिबकत होतं.

नटाला रात्रभर डिझेल पाजलं.
बुश चिपळूणहून आला, एसटीच्या कंडक्टरच्या खिशातून.
मग स्टेअरिंग बॉक्स. लॉकनट सोडला,
स्क्रू पाव आटा आत,
अजून एक केस,
बस.
जास्त आवळला तर वळलेलं चाक
आपणहून परत येत नाही.

सड्यावरच्या पहिल्याच वळणाला
त्यानं सवयीनं चाक आधीच कापलं.
गाडी तत्काळ वळली.
जांभ्याच्या गडग्याला बंपर घासून उभी.
सारंग बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "जनू, एवढं लगेच
कोण ऐकतं रे?
सोड थोडा."

मी म्हटलं, बरं.
पुन्हा खाली शिरलो.
पाना लोखंडावर दोनदा वाजवला, तिसऱ्यांदा जरा जोरात,
आणि पाठीखालचे खडे टोचेस्तोवर पडून राहिलो.

"हां," तो म्हणाला. "आता कशी जाग्यावर आली."
पुढच्या वळणाला त्यानं चाक उशिरा फिरवलं.
त्याच्या पुढच्याला आणखी उशिरा,
बरोब्बर.

मजुरीवर तीस रुपये जास्त दिले,
न सोडलेल्या स्क्रूचे.
मी घेतले.
त्याला कळलं होतं की नाही
ते अजून विचारलेलं नाही.