सात टाइल कमी

रविवारी निजामपूरचे भदाणे घर बघायला येणार,
आणि मला झोप नाही.
छत गळत नाही. उतारा स्वच्छ आहे.
बोअरला मे महिन्यातही पाणी.
देवपुरात या भावात कोपऱ्याचा प्लॉट दाखवा,
असं हे फोनवर तिसऱ्यांदा सांगताहेत.
मी बाथरूममध्ये उभी.

गिझरसाठी सोडलेला पाइप,
त्याच्या तोंडात चिंधी गुंडाळलेली खुंटी,
दोन हजार चारपासून.
गिझर आला नाही. मागच्या दारचा बंब गेला नाही.
आरशाच्या जागी चार भोकं,
पैकी एकात स्क्रू.
उंबऱ्याशी पांढरं सिमेंट भरायचं राहिलं,
तिथे मुंग्यांनी आपलं काम मात्र पुरं केलं.

आणि दाराच्या मागे
सात टाइल कमी.

फिकट हिरव्या, कोपऱ्यात लव्हाळ्याचं एक पातं.
आग्रा रोडच्या दुकानात तो माल संपला.
झुलाल मिस्त्री थापी धूत म्हणाला,
सकाय येसू, काकू.
मग भिंतीकडे बघून, स्वतःशीच,
दारना मांगे कोन देखस?

बरोबर होतं त्याचं.
दार उघडलं की ते नेमकं त्या जागेवर टेकतं.
पाहुण्यांना दिसलं नाही. नणंदेलाही नाही,
जिला शिजलेल्या डाळीतला खडा दिसतो.
ते दिसतं फक्त
आत जाऊन कडी लावणाऱ्याला,
अंगावर काही नसताना.

एकवीस वर्षं पहिला तांब्या
मी त्या सात चौकोनांकडे बघत घेतला.
सिमेंटवर मिस्त्रीने थापीच्या टोकाने रेघा मारून ठेवल्यात,
टाइल धरावी म्हणून.
पंगतीत पत्रावळ मांडावी
आणि वाढपी पुढच्या ओळीकडे निघून जावा,
तशा त्या अजून बसलेल्या.
लेकीच्या बारावीचे मार्क, ह्यांची अँजिओग्राफी,
धाकट्या जावेशी धरलेला अबोला,
सगळं मी त्यांच्यासमोर मांडलंय,
साबण डोळ्यांत जाऊ न देता.

शनिवारी पाव किलो पांढरं सिमेंट आणलं.
उंबरा भरला. बोटांची कातडी निघाली.
स्क्रू काढायला गेले तर प्लास्टरच हातात आलं.
त्यावर कॅलेंडर टांगावं असं वाटलं.
बाथरूममध्ये, कॅलेंडर!
हे म्हणाले, लोक घर घेताहेत, तुझी परीक्षा नाही.
मी म्हटलं, सांगायचं का त्यांना?
काय?
दाराच्या मागचं.
हे हसले नाहीत. म्हणाले, विचारलं तर सांग.
पण दिसलंच नाही तर विचारतील कसं?

भदाणे आले.
मुलाने बोटांच्या पेरांनी भिंती वाजवल्या.
सून ओट्याशी वीतभर मोजत राहिली,
मिक्सर कुठे, फिल्टर कुठे.
बाथरूमपाशी दोघांनी डोकं आत घातलं,
दिवा लावला,
दिवा घालवला.
झालं.

मी तोंड उघडणार,
तेवढ्यात त्याची आई उठली, नऊवारी सावरत,
कुठे आहे हे न विचारता चालत गेली,
आणि आतून कडी लागली.

चहावर साय धरली.
पाणी पडल्याचा आवाज आला, मग थांबला.
मग काहीच नाही.
हे पाणीपट्टीची पावती दाखवत होते.
मी मनात मोजत होते, एक, दोन,
लव्हाळं, लव्हाळं, सहा,
आता तिची नजर तिथे असेल.

बाहेर आली. पदराला हात पुसले.
मुलाला नाही, मला म्हणाली,
कडी चांगली शे, माय.
मग खाली बसून साखर मागितली.

भावाच्या बोलण्यात तिने पुढे काही काढलं नाही.
तिला दिसलं की नाही, मला माहीत नाही.
इसार झाला. एकतीस तारखेला चावी.

आज आंघोळीनंतर
खुंटीची चिंधी तेवढी बदलली.
फार मळली होती.