वर्ग सत्तावीस

रात्री बाराला वर्गणी संपणार होती.
रत्नागिरीहून निमिषचा मेसेज: सगळं उतरवून घे,
एकही फोटो तिकडे राहता कामा नये.

मी पाजपंढरीच्या गच्चीवर, टाकीला पाठ लावून,
कारण हर्णैच्या टॉवरची रेंज इथेच काय ती येते.
खाली वलांडीवर बोंबील,
मांडीवर तापलेला लॅपटॉप,
आणि त्यात अकरा हजार सहाशे चाळीस फोटो,
एकेका माशाभोवती मी काढलेली चौकट.

वरच्या चौकोनात टिक केली. पन्नास निवडले गेले.
पुढचं पान. पुन्हा पन्नास.
नऊ पानं झाल्यावर दिसली
बारीक अक्षरांतली निळी ओळ:
सर्वच्या सर्व निवडायचे आहेत का?
अगं बये, हे आधी विचारायचं.

वर्षभर हेच.
संध्याकाळी लिलावाच्या वाळूत टोपल्या ओतायच्या,
खांबावरचा कॅमेरा बघायचा,
आणि दुसऱ्या दिवशी मी म्हणायचे:
बांगडा, बांगडा, बांगडा, माकूल,
बांगडा, कुणाची तरी चप्पल.
बोटांना हिवसाण वास नाही,
डोळ्यांत मात्र खवले.

एक्सपोर्ट दाबलं. गोल फिरत राहिला.
दीपस्तंभाचा झोत मोजायला घेतला,
साठानंतर चुकले.

मग फाइल आली. अडीच एमबी.
हळदीच्या व्हिडिओहूनही लहान.
उघडली, तर आत मासाच नाही.
डावीकडून किती, वरून किती, रुंदी, उंची,
पुढे वर्गाचा नंबर.
वाळू नाही, पाणी नाही, चप्पल तर नाहीच.
मासळी झटकल्यावर जाळ्यात उरतं तेवढंच,
भोकं.

फोटो वेगळे मागवायचे असतात. तो पर्याय
अजून खाली होता. दाबला. पुन्हा गोल.

तोवर यादी वाचत बसले.
शून्य, बांगडा. एक, सुरमई. दोन, सरंगा.
चौदा, मांदेली. सव्वीस, लेपा.
सत्तावीस, भागूमावशीला विचार.

फेब्रुवारीत केला होता हा वर्ग. तात्पुरता.
बारका घोळ की मोठा ढोमा, मला कळेना,
मोबाइल घेऊन तिच्या टोपलीपाशी गेले.
तिने पडद्यावरच अंगठा दाबून पाहिला.
म्हणाली, अगो, गलफडा उचल की ह्येचा.
मी म्हटलं, फोटो आहे मावशी.
मंग ह्येला मासा कशाला म्हंतंस?

तरी सांगायची. गिऱ्हाईक सांभाळत, पाचदहा एका वेळी.
मग तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं,
हिरवी पट्टी, महिनाभर उजेड बंद,
आणि मी पुढच्या पुढच्या चौकटी
सत्तावीसमध्ये टाकत गेले.
दोनशे तेरा.

अकरा वाजून एक्केचाळीस.
पडद्यावर खिडकी उघडली: हा वर्ग काढून टाकायचा?
एका बटणाने गेला असता,
दोनशे तेरा मासे बेनाव होऊन परत समुद्रात.
पहिला उघडून पाहिला.
अजूनही कळेना.
खिडकी बंद केली.

बाराला चार मिनिटं कमी असताना
सगळे फोटो उतरले. नंतर ते पान
माझा पासवर्ड ओळखेना.

आता कुठल्या तरी बंदरावर,
वेरावळला म्हणा, नाहीतर मालप्याला,
खांबावरचा एखादा कॅमेरा
न ओळखता येणाऱ्या माशाकडे बघेल
आणि भोवती चौकट काढून लिहील:
भागूमावशीला विचार,
खात्री एक्क्याण्णव टक्के.

सकाळी तिला सांगितलं.
काळा चष्मा, पुढ्यात कोळंबीचे वाटे,
पाणी शिंपडत ऐकलंन सगळं.
म्हंजे येनार तर इचारायला?
येवदेत.
शुक्रवारी नको म्हनावं,
शुक्रवारी मी दापोलीच्या बाजाराला.