उंबरठा-मूल्य

कालामात, तांब्याच्या भट्टीमागे,
जुन्या कंटेनरमध्ये भरतो कंत्राटी कामगारांचा वर्ग.
आम्ही नऊजण. दहाव्या खुर्चीवर पंखा.
एदुविहेस कोल्केबाई खडू मोडून अर्धा खिशात टाकतात,
विचारतात, "धोका म्हणजे काय? आणि जोखीम?"
आम्ही गप्प.
दोन्ही शब्द आम्हाला एकाच घरचे वाटत आलेले.

"दाराशी झोपलेला कुत्रा, तो धोका.
त्याची शेपटी ओलांडून तू रोज अंधारात निघतोस, ती जोखीम.
कुत्रा हलवता येतोच असं नाही.
दिवा तरी लाव."

मग चित्रं. लाल कडेचा चौकोन, टोकावर उभा.
ज्वाळा. कवटी. हातावर सांडणारी नळी, हाताला खड्डा.
एकात वठलेलं झाड आणि उलटा पडलेला मासा.
पोरगेलासा इलारियो हसला :
"बाई, इथे वाळवंटात ना झाड, ना मासा.
म्हणजे हे पिंप आपल्याला लागू नाही."
सगळे हसलो. बाईपण.
हसू ओसरल्यावर म्हणाल्या,
"झाड नाही, मासा नाही, तिथे पहिला नंबर कुणाचा?"

शेवटचं चित्र : माणसाचं नुसतं धड
आणि छातीत फुटलेली चांदणी.
बाईंनी ती फळ्यावर पुन्हा काढली.
एक टोक जास्तच लांब गेलं. पुसलं नाही.

त्याखाली लिहिलं : उंबरठा-मूल्य.
हवेत अमुक इतकं आर्सेनिक,
दिवसाचे आठ तास, आठवड्याचे पाच दिवस,
माणूस सोसेल असं मानलेलं.
"मानलेलं. खाली रेघ मारा."
बेनिग्नोने विचारलं, ओव्हरटाइम धरून?
बाईंनी स्वतःच्या वहीत काहीतरी लिहून घेतलं.

"उंबरठा कुणाच्या घरचा, ते पुस्तकात नाही," त्या म्हणाल्या.
"माझ्या घरचा सांगते.
अकरा वर्षं नवरा पाळीवरून यायचा,
मी त्याचे कपडे उंबरठ्यावर झटकायचे.
धूळ आत नको म्हणून.
वारा नेहमी डोंगराकडून, माझ्या तोंडावर.
लोक म्हणायचे, कोल्केबाईचं घर कसं लखलखीत."
मग खिशातला अर्धा खडू काढला
आणि काहीच लिहिलं नाही.

रात्री दाराशी थांबलो.
कासिमिराला म्हटलं, पिशवी दे, गाठ मार, झटकू नकोस.
थंडीत बनियनवर उभा मी,
शेजारचा माउरो शिट्टी मारून गेला.
बाईंनी सांगितलेले शब्द वाटेतच सांडले होते,
बायकोला समजवायला एकही नीट सापडेना.

धाकटी पळत आली. म्हटलं, लांब. आधी अंघोळ.
तिने लांबूनच ओळखलं, वहीवरचं चित्र :
"बाबा, ह्याने चांदणी गिळली?"

हो, म्हटलं.
एकदम नाही. थोडी थोडी.
आठ-आठ तास.